घराला जनरेटर जोडण्याच्या नोंदी, एप्रिल ते जुलै २०२४

१४ एप्रिल, रविवार

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दीड किलोमीटर आत. जांभ्याच्या भिंती, कौलं, मागे नारळ-सुपारीची वाडी आणि विहीर. घरात सासूबाई आणि मी. नवरा मुंबईला नोकरीला, शनिवार-रविवार घरी येतो. वीज सिंगल फेज, मीटर आणि मेन स्विच पडवीत.

हे काम आत्ता का काढलं ते आधी लिहिते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे वीज आली ती सत्ताविसाव्या दिवशी. नवव्या दिवशी एका नातेवाइकांचा जनरेटर दोन दिवसांसाठी मिळाला. विहिरीवरचा पंप चालवायचा होता, म्हणून एका वायरच्या दोन्ही टोकांना पिना लावल्या. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं ओटीवरच्या सॉकेटमध्ये. मेन स्विच पाडायला लागतो, नाहीतर जनरेटरची वीज बाहेर खांबावरच्या तारांत जाते, हे मला माहीत होतं. पहिल्या दिवशी पाडला. दुसऱ्या दिवशी पाडायचा राहिला.

दुपारी जनरेटर एकदम घरघरला आणि बंद पडला. मला वाटलं पेट्रोल संपलं. अर्ध्या तासाने लाइनमन पाणंदीतून चालत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, जनरेटर तुमच्याकडे चालू होता ना?" खांबावर काम सुरू करण्याआधी त्याने सवयीप्रमाणे तारांवर साखळी टाकली होती (तारेत वीज असेल तर ती हाताआधी साखळीवर कळावी म्हणून). साखळी टाकताना ठिणगी उडाली. साखळीऐवजी हात पडला असता तर काय झालं असतं, ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

लोक म्हणतात, एवढासा जनरेटर गावभराच्या तारांना कुठे पुरणार, लगेच बंद पडतो. एरवी पडतोही, कारण शेजारपाजारचा सगळा भार त्याच्यावर येतो. वादळानंतर तसं नसतं. आमच्या दोन्ही बाजूंच्या तारा तुटलेल्या होत्या आणि मधल्या टप्प्यावर आमचं घर सोडून दोन घरं, दोन्ही मुंबईकरांची, कुलूपबंद. भार आमचाच, त्यामुळे जनरेटर निवांत चालत राहिला आणि तार जिवंत राहिली. तो टप्पा डीपीला (गावच्या ट्रान्सफॉर्मरला) जोडलेला असता तर गोष्ट आणखी वाईट. डीपी ११ हजार व्होल्टचे ४३३ करते, तशी घराकडून २३० आले की उलट दिशेने हजारो व्होल्टही करते.

म्हणून या कामाची अट एकच ठेवली आहे: कुणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून ठेवायचं नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

भाराचा हिशेब केला. पंप १ एचपी, चालू असताना साडेसहा-सात अँपिअर घेतो. फ्रिज, एक डीप फ्रीजर (आंब्याचा रस आणि मासळी), सहा दिवे, तीन पंखे, इन्व्हर्टरचं चार्जिंग. गीझर आणि इस्त्री जनरेटरवर चालवायची नाही. ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर चिपळूणहून ओळखीत जुना घेतला, ₹३४,०००. म्हणजे साधारण १३ अँपिअर. रिकामा चालवला तर मल्टीमीटरवर २३६ व्होल्ट आणि ५२ हर्ट्झ. भार आला की ५० वर उतरतो, हे ठीक आहे.

२५ एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस फुकट गेला, आणि चूक माझीही आहे.

वायरमन परवानाधारक आहे, हात चांगला आहे. त्याने दापोलीतून ३२ अँपिअरचा चेंजओव्हर (घर महावितरणच्या विजेवर की जनरेटरवर, ते बदलणारा खटका) आणला, ₹६५०. बसवूनही झाला. संध्याकाळी मी झाकण उघडून बघितलं तर खटक्यातून फक्त फेज (वीज आणणारी तार) फिरत होती. न्यूट्रल (परतीची तार) दोन्हीकडची एकत्र, एकाच पट्टीवर. म्हणजे सिंगल पोल, एकच तार तोडणारा. मी विचारलं तर म्हणाला, "वहिनी, न्यूट्रलला काय होतंय? तिच्यात करंट नसतो."

असतो. तार तुटली असेल, कुठे उलटसुलट जोडली गेली असेल, जनरेटरमध्ये काही बिघाड झाला असेल, तर न्यूट्रलवरही व्होल्टेज येतं आणि ती तार सरळ खांबावर जाते. खांबावरच्या माणसाला ती फेज आहे की न्यूट्रल याने फरक पडत नाही. शिवाय जनरेटरची न्यूट्रल अर्थिंगला बांधायची असेल (ते पुढे येईल), तर ती महावितरणच्या न्यूट्रलपासून पूर्ण सुटी असायलाच हवी.

खरेदीआधी "डबल पोल, मध्ये शून्य" एवढे चार शब्द मी चिठ्ठीवर लिहून द्यायला हवे होते. दिले नाहीत. बसवलेला काढला, दुकानदाराने वापरलेला म्हणून परत घेतला नाही. ₹६५० आणि वायरमनच्या एका दिवसाचे ₹९०० गेले. दोन पोलचा, १-०-२ असा (१ महावितरण, ० बंद, २ जनरेटर), ६३ अँपिअरचा पेटीसकट नवीन मागवला, ₹२,१५०. यात खटका एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये शून्यावर यावाच लागतो, दोन्ही वीजवाटा एकत्र जोडल्या जाणं यांत्रिकरीत्याच शक्य नाही. मेन स्विच विसरला तरी काही बिघडत नाही.

४ मे, शनिवार

अर्थिंग. सगळ्यात जास्त घाम इथे गेला.

जुनी अर्थिंग म्हणजे तुळशीजवळ जमिनीत ठोकलेला एक सळीचा तुकडा, वर गंजून तुटलेला. नवीन खड्डा अंगणातच, मीटरपासून जवळ पडेल असा काढला. साडेतीन-चार फुटांवर सलग जांभा लागला. दोन माणसं दोन दिवस पहारीने झगडली, मग सोडून दिलं. ₹१,६०० पाण्यात. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो, तिथे पाइप गेला असता तरी उपयोग कमीच होता.

सासूबाईंनी जागा सुचवली: मोरीचं पाणी जिथे जातं तिथे, केळींच्या मागे. घरापासून पंधरा फूट. तिथे वर्षभर ओल असते आणि वर्षानुवर्षं गाळ-पालापाचोळा साठून माती झाली आहे. साडेआठ फूट खणता आलं. अडीच मीटर लांबीचा, ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर विटांची छोटी टाकी आणि झाकण. तिथून घरापर्यंत जीआय पट्टी. सगळे मिळून ₹४,२००.

कंत्राटदाराकडून अर्थ मेगर (अर्थिंगचा विरोध मोजायचं यंत्र) दिवसाच्या भाड्याने आणला, ₹५००. रीडिंग ३८ ओहम.

पाच-दहाच्या आत यायला हवं असं ऐकून होते, म्हणून निराशा झाली. मग गणित करून बघितलं. ३८ ओहममधून २३० व्होल्ट म्हणजे सहा अँपिअर. फ्रिजच्या पत्र्याला फेज लागली तर जमिनीतून सहा अँपिअर जातील. १६ अँपिअरच्या एमसीबीला (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या खटक्याला) हे फ्रिजसारखंच एखादं उपकरण वाटेल, ती पडणार नाही, पत्रा तसाच जिवंत राहील. आजवर आमच्या घरात हीच स्थिती होती. आरसीसीबी (गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये फरक पडला की वीज तोडणारा खटका) मात्र ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडते. तिला ३८ ओहम भरपूर झाले. म्हणून जांभ्याच्या प्रदेशात आणखी दोन खड्डे खणण्याआधी आरसीसीबी घ्यावी असं माझं ठाम मत झालं. ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, दोन पोल, ₹२,३००.

११ आणि १२ मे

क्रम असा ठेवला: मीटर, मेन स्विच, चेंजओव्हरची १ नंबरची बाजू. चेंजओव्हरमधून बाहेर पडल्यावर आरसीसीबी, मग घरचा बोर्ड. आरसीसीबी चेंजओव्हरच्या पुढे असल्यामुळे वीज कुठूनही येवो, ती पहारा देते.

जनरेटरच्या बाजूसाठी पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर पत्र्याची पेटी (₹९००) आणि तिच्यात निळा इंडस्ट्रियल इनलेट. याच्या पिना आत खोलगट बसतात. नियम साधा: जिथून वीज येते त्या टोकाला भोकं, जिथे वीज जाते त्या टोकाला पिना. जनरेटरकडून आलेली वायर चुकून लोंबकळत राहिली तरी हाताला उघडी जिवंत पिन लागणार नाही. प्लग-सॉकेटचा संच ₹९५०. ती दोन्हीकडे पिनांची वायर मी कापून टाकली.

दुपारी एकला महावितरणची वीज चालू केली. आरसीसीबी पडली. सगळे एमसीबी पाडून एकेक वर केला तर नीट चालली. संध्याकाळी पुन्हा पडली. रात्री परत. वायरमनचं म्हणणं, आरसीसीबीच खराब, काढून टाकू. मी काढू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोध चालला. पडायची वेळ लिहून ठेवली तेव्हा कळलं, सासूबाई माळ्यावर काही काढायला चढल्या की ती पडते. माळ्यावरच्या बल्बचा होल्डर उघडला. केव्हातरी तिथली न्यूट्रल उंदरांनी कुरतडली असावी आणि कुणीतरी बल्ब फेज आणि अर्थिंगवर जोडून दिला होता. वर्षानुवर्षं तो बल्ब लागला की त्याचा करंट घराच्या अर्थिंगच्या वायरीतून वाहत होता. त्याच वायरीला फ्रिज, मिक्सर आणि पंप जोडलेले. तुळशीजवळची सळी तुटलेली होती, म्हणजे त्या सगळ्या पत्र्यांना बल्बमधून आलेली फेज. पावसाळ्यात फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, असं सासूबाई कधीपासून सांगत होत्या. ओलाव्यामुळे होत असेल असं आम्ही त्यांना सांगायचो.

माळ्यावर नवीन न्यूट्रल ओढली. त्यानंतर एकदाही विनाकारण पडली नाही. तुमच्याकडे आरसीसीबी सारखी पडत असेल तर ती काढण्याआधी जुने होल्डर, जिन्याचे दिवे आणि मागाहून वाढवलेले पॉइंट उघडून बघा.

१९ मे, रविवार

जनरेटर पहिल्यांदा घराला जोडला. दिवे लागले, फ्रिज चालू झाला. सवयीने टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत दिवा लागला, थोडा मंद. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल २३०, पण प्रत्येक तार ते अर्थिंग साधारण ११५.

म्हणजे या जनरेटरची न्यूट्रल कशालाच बांधलेली नव्हती, अधांतरी होती. छोट्या जनरेटरमध्ये असं बऱ्याचदा असतं.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं, पटकन पडली. वायरमन म्हणाला, झालं, काम करते आहे. इथेच आम्ही थांबलो असतो तर सगळा खटाटोप अर्धवट राहिला असता. ते बटण आरसीसीबीच्या आतल्या आतच फेज आणि न्यूट्रलमध्ये थोडा करंट सोडतं. अर्थिंग नसली तरी ती पडतेच. यंत्रणा जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं.

खरी परीक्षा वायरमनने १५ वॅटच्या बल्बने घेतली, होल्डरची एक वायर सॉकेटच्या फेजला, दुसरी अर्थिंगला. महावितरणच्या विजेवर बल्ब क्षणभरही लागत नाही, लगेच आरसीसीबी पडते (१५ वॅट म्हणजे ६५ मिलिअँपिअर, ३० च्या दुपटीहून जास्त). जनरेटरवर बल्ब लागलाही नाही आणि आरसीसीबी पडलीही नाही. जमिनीतून गेलेल्या करंटला जनरेटरमध्ये परत यायला रस्ताच नाही, तर आरसीसीबीला चोरी कळणार कशी? पहिला बिघाड असा गुपचूप राहतो. दुसरा बिघाड दुसऱ्या तारेवर झाला की मधल्या माणसाला शॉक बसतो.

उपाय: पत्र्याच्या पेटीत, चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या बाजूला, न्यूट्रल आणि अर्थिंग यांना जोडणारा ४ चौरस मिलिमीटर तांब्याचा तुकडा. जनरेटरची चौकटही केबलच्या हिरव्या तारेतून त्याच अर्थिंगला. पुन्हा टेस्टर: एकाच भोकात दिवा. पुन्हा बल्ब: लागायच्या आत आरसीसीबी खाली. तिन्ही खोल्यांत आणि विहिरीवर हीच परीक्षा केली.

हा तुकडा महावितरणच्या बाजूला कधीही लावू नये. तिकडची न्यूट्रल डीपीपाशी जमिनीत गेलेली असते. बाहेर न्यूट्रलची तार तुटली तर वाडीतल्या सगळ्या घरांचा परतीचा करंट तुमच्या अर्थिंगमधून वाट काढेल. दोन पोलचा चेंजओव्हर लागतो तो यासाठीही.

पंपाने त्रास दिला. दिवे-फ्रिज चालू असताना पंपाचं बटण दाबलं तर जनरेटर दबला, दिवे विझत आले, पंप नुसता गुणगुणत राहिला. पाच सेकंदांत बंद केला, नाहीतर वाइंडिंग जळतं. सुरू होताना पंप चालू करंटच्या चार-पाच पट ओढतो, म्हणजे तीस अँपिअरच्या घरात. सगळं बंद ठेवून एकटा पंप लावला तरी अडखळत होता. पंपाला सुरू होताना जोर देणारा कपॅसिटर उतरला होता. नवीन ₹१८०, आता एकटा असला की एका दमात उचलतो. टाकी भरली, पंप बंद केला, मग बाकीचं घर.

२८ मे, मंगळवार

देखभालीसाठी लाइन दिवसभर बंद होती. लाइनमनला आदल्या दिवशी फोन करून बोलावलं होतं, तो आला. २०२० मध्ये साखळी टाकणारा तोच.

जनरेटर चालू, खटका २ वर, घरात दिवे. मेन स्विच मुद्दाम वर ठेवला, म्हणजे विसरल्यासारखा. वायरमनने चेंजओव्हरच्या १ नंबरच्या दोन्ही टोकांवर मल्टीमीटर आणि टेस्ट लॅम्प लावला: फेज-न्यूट्रल शून्य, फेज-अर्थिंग शून्य, न्यूट्रल-अर्थिंग शून्य. मग लाइनमनने स्वतःच्या टेस्टरने खांबावरून आलेली सर्व्हिस वायर तपासली. मेलेली. त्याने वहीत आमच्या घरापुढे जनरेटर असल्याची नोंद केली आणि खटक्यावर १, ०, २ काय आहे ते मराठीत लिहून चिकटवायला सांगितलं. लगेच लिहून लावलं.

९ जून, रविवार

पाऊस सुरू झाला आणि मी मोठी चूक केली. जनरेटर भिजू नये म्हणून पडवीत आणला. पडवी दोन बाजूंनी उघडी, त्यामुळे काही होणार नाही असं धरलं. पाऊण तासात सासूबाईंचं डोकं जड झालं, मळमळायला लागलं. त्या माजघरात होत्या, पडवीकडची खिडकी उघडी होती. जनरेटर बंद केला, त्यांना अंगणात वाऱ्यावर आणून बसवलं, मग डॉक्टरांकडे नेलं. सुदैवाने तासाभरात बऱ्या वाटल्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धूर कमी दिसतो म्हणून हवा चांगली आहे असं समजू नये. पडवी, गोठा, जिन्याखाली, अर्धवट उघडी शेड, कुठेही नको. जनरेटर उघड्यावरच हवा.

१६ जून, रविवार

घरापासून तीस फुटांवर खोपटी उभी केली: जांभ्याचा वीतभर उंच चौथरा, चार लोखंडी खांब, वर पत्रा, चारही बाजू मोकळ्या. ₹५,५००. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणून खोपटी घराच्या पूर्वेला. आधी पंधरा फुटांवर ठेवून बघितलं होतं, पण घराच्या आडोशाला वारा गिरकी घेऊन धूर परत भिंतीकडेच येत होता. उदबत्ती धरून बघितली तेव्हा दिसलं. तीस फुटांवर धूर सरळ वाडीत जातो.

केबल १४ मीटर, तीन कोअर, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, ₹२,९४०. काळ्या पाइपातून (₹६००) दोन फूट खाली पुरली. पेट्रोलचा डबा खोपटीत ठेवत नाही, आणि इंजिन गार झाल्याशिवाय भरत नाही.

आजवरचा खर्च: वायरमनचे पाच दिवस ₹४,५०० आणि कपॅसिटर धरून ₹६०,९७०. त्यातले ₹३,१५० चुकीचा चेंजओव्हर, तो बसवण्याचा दिवस आणि अंगणातला खड्डा यांत गेले.

२३ जून, रविवार

जनरेटर चालू असताना इन्व्हर्टर टकटक करत सतत बॅटरीवर उडी मारायचा, चार्जिंग होईना. मागे एक छोटा खटका असतो, तो यूपीएसवर होता. त्या स्थितीत इन्व्हर्टर व्होल्टेज फार काटेकोर मागतो. नॉर्मलवर केला, चार्जिंग सुरू.

एक इशारा इन्व्हर्टर असलेल्या सगळ्यांना: चेंजओव्हर शून्यावर आणला म्हणून घरातल्या तारा मेल्या असं समजू नका. इन्व्हर्टर त्याचे दिवे-पंखे चालवतच असतो. बोर्डात हात घालायचा असेल तर इन्व्हर्टरही बंद करायचा आणि टेस्टर लावायचा.

११ जुलै, गुरुवार

मी दोन दिवस रत्नागिरीला होते, सासूबाई घरी एकट्या. रात्री साडेनऊला माड पडून तार तुटली. फ्रीजर भरलेला होता. त्यांनी फोन केला आणि मी फोनवरच राहिले, पण काय करायचं ते एकदाही सांगायला लागलं नाही. जनरेटर आम्ही बटणावर सुरू होणारा घेतला होता, म्हणून त्यांना दोरी ओढावी लागत नाही. त्या टॉर्च घेऊन खोपटीत गेल्या, जनरेटर चालू केला, दोन मिनिटं तापू दिला. आत येऊन खटका १ वरून ०, थांबून, ० वरून २. फ्रीजर, मग दिवे. पंपाला हात लावला नाही.

अकराच्या सुमारास लाइनमनचा त्यांना फोन आला, "आजी, तुमच्याकडे जनरेटर आहे ना, खटका कुठे आहे?" त्या उठून बघून आल्या आणि म्हणाल्या, "दोनवर आहे रे. तू तुझी साखळी टाकच."

साडेतीन तास चालला, पेट्रोल पावणेतीन लिटर.